उंदरांचे ‘औषध’ आणि पिंजऱ्यातले पक्षी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाचे पाणी गटारांत आणि बिळांत भरले की उंदीर-घुशी वर येतात, आणि गृहनिर्माण सोसायट्यांच्या फलकावर ठरलेली सूचना लागते : ‘उद्या उंदरांचे औषध टाकण्यात येणार आहे, सभासदांनी सहकार्य करावे.’ उंदराच्या विषाला आपण औषधच म्हणतो, ढेकणाच्याही. शब्दच इतका सोज्वळ, की ते कोणते, कुठे ठेवणार आणि किती दिवस, हे विचारायचे कोणाला सुचत नाही. ज्या घरात बजरीगर, कॉकाटील किंवा फिंच आहेत तिथे मात्र हे विचारावेच लागते. पक्ष्यांचे संगोपन आणि उपचार या दोन्ही बाजूंनी हा प्रश्न जवळून पाहणारे आम्ही काही जण हे पत्र लिहीत आहोत. (दुकानदार ज्याला ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात तो बहुधा बजरीगरच असतो. देशी पोपटाचे नाव मुद्दाम घेतलेले नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तो घरी पाळताच येत नाही.)

पक्षी असलेल्या घरात उंदीर पुन्हा पुन्हा का येतात, याचे उत्तर पिंजऱ्याखाली सांडलेले असते. बजरीगर राळ्याचा दाणा सोलून खातो, टरफल टाकतो आणि नावडता दाणा चोचीने बाहेर भिरकावतो. घरातल्या लहान उंदराला दिवसाला तीन-चार ग्रॅम खाणे पुरते. दोन-तीन पक्ष्यांच्या सांडलवंडीवर त्याचे सहज भागते, आणि मादी असेल तर सुमारे वीस दिवसांच्या गर्भानंतर ती पाच-सहा पिले घालते. ही पंगत चालू आहे तोवर एक उंदीर मारला की त्याच्या जागी दुसरा येऊन बसतो. म्हणून आधी दाणा आवरायचा, मग वाटा बुजवायच्या आणि शेवटी चाप लावायचा. बहुतेक घरांत हा क्रम नेमका उलटा असतो, आणि सुरुवात विषापासून होते.

दाणा आवरायचा म्हणजे पक्ष्याला उपाशी ठेवायचे नाही. एका बजरीगराला दिवसाला एक ते दोन चहाचे चमचे दाणे पुरतात, कॉकाटीलला साधारण एक ते दीड मोठा चमचा. वाटी काठोकाठ भरली की अर्धे बाहेर जाते. मात्र मोजून दाणे देताना एक घोटाळा हमखास होतो. वाटी भरलेली दिसते, पण वर सगळी टरफले असतात आणि खाली एकही दाणा नसतो. भरल्या वाटीपुढे पक्षी उपाशी मरतो तो असा. रोज सकाळी वाटीवर फुंकर मारून टरफले उडवावीत आणि उरलेले दाणे पाहून मगच नवे घालावेत. अंधार पडला की पक्षी खात नाहीत, त्यामुळे निरोगी मोठ्या पक्ष्यांची दाण्याची वाटी दिवेलागणीला काढून पहाटे उजाडताच परत ठेवली तर त्यांचे काही बिघडत नाही. पाणी राहू द्यावे. पिले असलेली जोडी किंवा आजारी पक्षी याला अपवाद. त्यांची वाटी रात्रीही आत हवी, म्हणून त्यांच्या पिंजऱ्याला पुढे सांगितलेली जाळी लावण्याला पर्याय नाही. पिंजऱ्याच्या ट्रेमधला कागद सकाळऐवजी संध्याकाळी बदलावा आणि त्याच वेळी खालची फरशी पुसावी. बदल एवढाच, पण रात्रीच्या पाहुण्याचे ताट त्याने उचलले जाते.

दाण्याची पिशवी पिशवीतच ठेवू नये. पातळ प्लास्टिकचा डबाही उंदीर एका रात्रीत कुरतडतो. घट्ट झाकणाचा स्टीलचा किंवा पत्र्याचा डबा घ्यावा आणि महिनाभर पुरेल एवढाच दाणा आणावा. पावसाळ्यात तर पंधरवड्याचाच बरा, कारण दमट दाण्याला बुरशी धरते आणि ती पक्ष्याला उंदराइतकीच वाईट. डब्यात लेंड्या दिसल्या तर वरचे काढून खालचे वापरू नये. सगळा दाणा फेकावा. उंदराचे मूत डोळ्यांना दिसत नाही. त्यातून आणि लेंड्यांतून साल्मोनेला हा आतड्यांच्या रोगाचा जंतू पक्ष्यांपर्यंत पोहोचतो. पातळ हिरवट विष्ठा, फुगवलेली पिसे आणि झोपाळू पक्षी अशी तक्रार आली, की चांगले पशुवैद्य घरात उंदीर आहेत का, हेही विचारतात.

पिंजरा बंद असला की पक्षी सुरक्षित, असे बहुतेकांना वाटते. बजरीगरच्या पिंजऱ्याच्या दोन गजांत साधारण १० ते १२ मिलिमीटर अंतर असते आणि लहान उंदराला ६ मिलिमीटरची फट पुरते. डोके आत गेले की मागचे अंग येतेच. मोठा काळा उंदीर आत शिरत नाही. तो बाहेरूनच गजाला चिकटून झोपलेल्या पक्ष्याचे पाय कुरतडतो. बजरीगरच्या विणीसाठी टांगलेली मडकी उंदरांना फार आवडतात : अंधार, ऊब, आणि आत अंडी नाहीतर पिले. रात्रीच्या खसफसाटाचा आणखी एक परिणाम कॉकाटील पाळणाऱ्यांना ठाऊक असेल. घाबरलेला पक्षी अंधारात पंख आपटत पिंजऱ्यात गोल फिरतो, वाढते पीस (त्याच्या नळीत रक्त असते) मुळाजवळ मोडते आणि रक्त थांबत नाही. अशा वेळी मोडलेल्या जागी कॉर्नफ्लोअर दाबून धरावे आणि पक्षी वैद्याकडे न्यावा. उंदीर पकडले जाईपर्यंत त्या खोलीत मंद दिवा ठेवावा. पक्ष्याला निदान बसायची दांडी दिसते. नुसता कपडा झाकून उंदीर थांबत नाही, उलट त्याला चढायला सोय होते.

चढण्यावरून आठवले. कोकणात माडाच्या बुंध्याला माणसाच्या डोक्याहून वर पत्रा गुंडाळलेला दिसतो. गुळगुळीत पत्र्यावर उंदराची नखे ठरत नाहीत. बंदरात लागलेल्या जहाजांच्या दोरांवर पत्र्याच्या चकत्या असतात त्याही याचसाठी. पिंजऱ्याला हीच युक्ती लागू पडते. पिंजरा टांगता असेल तर तो एकाच गुळगुळीत तारेने टांगावा आणि मधे तीस-पस्तीस सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची चकती ओवावी. ती किंचित डुगडुगली तर अधिकच चांगले. स्टँडवर असेल तर लोखंडी नळीच्या पायांना गुळगुळीत पत्र्याचा पट्टा गुंडाळावा. लहान उंदीर सरळ वर फूटभर उडी मारतो, मोठा दोन-अडीच फूट. पट्टा तेवढ्या उंचीच्या वर हवा, आणि भिंत, पडदा, टेबल, कपडे वाळवायची दोरी यांपासून पिंजरा हातभर तरी लांब. आमचा अनुभव असा, की चकती लावतात आणि पडदा तसाच पिंजऱ्याला टेकलेला राहतो.

गॅलरीत मोठे पक्षीघर असेल तर बाहेरून पाव इंची वेल्डेड जाळी लावावी. अर्ध्या इंचीतून लहान उंदीर सहज जातो, आणि डासांची नायलॉनची जाळी म्हणजे त्याला पापड. जाळीवर जस्ताचा मुलामा असतो आणि नव्या जाळीवर त्याचे बारीक थेंब गोठलेले असतात. चोचीने ते सोलून खाल्ले की पक्ष्याला जस्ताची विषबाधा होते. म्हणून जाळी व्हिनेगर आणि तारेच्या ब्रशने घासून धुवावी, वाळवावी आणि चोच पोहोचणार नाही अशी, आतल्या गजांपासून दोन-तीन बोटे बाहेर बसवावी. जमिनीवरचे पक्षीघर असेल तर घुशीचा विचार वेगळा. ती चढण्यात कच्ची, पण खणण्यात पटाईत. तळाला सिमेंटचा कोबा करावा, नाहीतर जाळी फूटभर खाली गाडून तिचा खालचा भाग बाहेरच्या बाजूला आडवा वळवावा. उंदरांमागून धामण येते आणि तिला उंदीर किंवा बजरीगर सारखेच. तिच्यासाठीही हीच पाव इंची जाळी.

घराच्या वाटा शोधताना मोरीची जाळी, दाराखालची फट आणि एसीचा पाइप बाहेर नेण्यासाठी भिंतीला पाडलेले भोक ही तीन ठिकाणे आधी पाहावीत. भोकावर नुसता फोम मारला की उंदीर तो पोखरतो. आत स्टेनलेस स्टीलची तारेची घासणी ठासून वर सिमेंट लिंपावे. उघडी घासणी ठेवली तर मोकळा सोडलेला पक्षी तिची तार उपसतो. दाराखाली पत्र्याची पट्टी बसवावी.

आता विषाकडे. बाजारातली उंदरांची विषे ढोबळपणे तीन प्रकारची आहेत, आणि तिन्हींचा धोका निरनिराळा.

काळी भुकटी असते ती झिंक फॉस्फाइड. कणकेत किंवा भिजवलेल्या धान्यात मळून तिच्या गोळ्या ठेवतात. पोटातल्या आम्लाशी संपर्क आला की तिच्यातून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो आणि काही तासांत जीव जातो. याला उतारा नाही. धान्यात मिसळलेले विष म्हणजे दाणे खाणाऱ्या पक्ष्यापुढे वाढलेले ताट. लसणासारखा वास येतो म्हणून पक्षी दूर राहतील, या भरवशावर राहू नये.

निळ्या-हिरव्या वड्या किंवा ‘केक’ असतात त्यांत बहुधा ०.००५ टक्के ब्रोमाडिओलोन असते. ते रक्त गोठू देत नाही. उंदीर लगेच मरत नाही, तीन-चार दिवस फिरत राहतो, आणि खरी मेख तिथेच आहे. उंदराला साठवायची सवय असते. वडीचे तुकडे आणि विषारी दाणे तो तोंडात धरून दुसरीकडे नेऊन ठेवतो : माळ्यावर, गादीखाली, दाण्याच्या पोत्यात, कधी थेट पिंजऱ्याच्या ट्रेमध्ये. ‘आम्ही वडी स्वयंपाकघरात ठेवली होती, पक्षी तर हॉलमध्ये’ हा खुलासा त्यामुळे टिकत नाही. मेलेला किंवा मरायला टेकलेला उंदीर गव्हाणी घुबडाने अथवा मांजराने खाल्ला की विष त्यांच्यातही उतरते. एक गव्हाणी घुबड आपल्यासाठी किती उंदीर खाते याचा विचार केला, तर हा व्यवहार तोट्याचा आहे.

तिसरी ट्यूबमधली पेस्ट, पिवळ्या फॉस्फरसची. पावाला लावून ठेवतात. माणसाचे यकृत निकामी करणारे हे विष मुले किंवा पक्षी असलेल्या घरात असूच नये.

याखेरीज धान्यातल्या किडीसाठीच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या काही जण उंदराच्या बिळात किंवा माळ्यावर टाकतात. त्यांतून फॉस्फिनच सुटतो. बंद घरात या गोळ्यांनी माणसे दगावली आहेत, आणि पक्षी माणसाच्या कितीतरी आधी दगावतो. पक्ष्याच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात आणि फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहते. श्वास घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळा रक्ताला ताजी हवा मिळते. प्राणवायू इतक्या सफाईने उचलणारे शरीर विषारी वायूही तितक्याच सफाईने उचलते. ब्रिटनच्या कोळसाखाणींत १९८६ पर्यंत कॅनरी पक्षी नेत असत ते याचसाठी. उंदीर पळावेत म्हणून पिंजऱ्याच्या आसपास डांबरगोळ्या टाकणे, फिनाइल शिंपडणे किंवा उग्र वासाचा फवारा मारणे याच कारणाने चूक आहे. उंदीर चार दिवसांत त्या वासाला सरावतो, पक्षी मात्र चोवीस तास त्याच हवेत बसलेला असतो. कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाची यंत्रेही अशीच : उंदीर त्यांना सरावतो.

चिकट पुठ्ठ्यांबद्दल आमचे मत स्पष्ट आहे, ते आणू नयेत. उंदीर त्यांच्यावर तासन्‌तास तडफडतो, भारतीय पशुकल्याण मंडळाचा त्यांना विरोध आहे, आणि मोकळा सोडलेला बजरीगर त्यांवर हमखास उतरतो. उतरलाच, तर ओढून काढू नये. पिसे आणि कातडी दोन्ही सोलून निघतात. आधी उघड्या गोंदावर कणीक किंवा कॉर्नफ्लोअर भुरभुरावे, म्हणजे आणखी अंग चिकटत नाही. मग चिकटलेल्या जागी कापसाने थोडे खाद्यतेल लावत एकेक पीस सुटे करावे. रॉकेल, थिनर, पेट्रोल मुळीच नको. तेलाने माखलेल्या पक्ष्याच्या पिसांत ऊब राहत नाही, म्हणून त्याला खोक्यात, उबेत ठेवून वैद्याकडे न्यावे. घरी शाम्पूने आंघोळ घालायच्या भानगडीत पडू नये.

मग राहतो तो आपला जुना लाकडी फळीचा चाप. लहान उंदरासाठी हाच सर्वांत स्वच्छ उपाय आहे. लहान उंदीर आपल्या घरट्यापासून फार लांब फिरत नाही, तीन ते नऊ मीटरच्या आत. म्हणून एका चापाने काम होत नाही. दोन खोल्यांच्या घरात सहा ते आठ चाप, दोन-दोन मीटरवर, भिंतीला काटकोनात आणि आमिषाचे टोक भिंतीकडे. उंदीर भिंतीला अंग घासत चालतो. खोलीच्या मध्यावर ठेवलेला चाप फक्त माणसांच्या पायांना लागतो. पक्ष्यांच्या घरातल्या उंदराला दाण्याचे अप्रूप उरलेले नसते, त्यामुळे आमिषाला सुके खोबरे, भज्याचा तुकडा किंवा शेंगदाण्याचा ओलसर कूट वापरावा आणि आमिष दोऱ्याने बांधावे, म्हणजे ओढल्याशिवाय सुटत नाही. कूट बोटभर फासला तर उंदीर तो चाटून चाप न उडवता जातो, हरभऱ्याएवढा पुरे. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. त्याच्यासाठी मोठ्या मापाचा चाप घ्यावा आणि आमिष लावून तीन-चार रात्री तो न ताणता ठेवावा. खाऊ लागला की ताणावा.

पक्ष्यांच्या घरात चाप उघडा कधीच ठेवू नये. बुटाच्या खोक्याला दोन्ही टोकांना तीन-साडेतीन सेंटिमीटरची भोके पाडून चाप आत ठेवावा आणि झाकणावर वजन ठेवावे. मोठ्या उंदरासाठी लाकडी खोके आणि सात-आठ सेंटिमीटरचे भोक लागते. खोके भिंतीला चिकटवून ठेवावे. रात्री पक्षी पिंजऱ्यात, दाराला कडी, मग चाप. सकाळी आधी चाप मोजून उचलायचे, मग पिंजऱ्याचे दार. मोजून म्हटले ते मुद्दाम, कारण विसरलेला आठवा चाप कॉकाटीलचा पाय मोडायला पुरेसा असतो.

जाळीच्या उंदीरपिंजऱ्यात कधी चिचुंद्री सापडते. लांब नाक आणि कस्तुरीसारखा उग्र वास यांवरून ती ओळखावी. ती उंदरांपैकी नव्हे, मुख्यतः झुरळे आणि किडे खाते. तिला बाहेर सोडून द्यावे. जिवंत सापडलेला उंदीर बादलीत बुडवण्याची पद्धत क्रूर आहे, आणि पुढच्या गल्लीत सोडणे म्हणजे शेजाऱ्याला भेट देणे. म्हणून लहान उंदरासाठी आम्ही चापाचीच शिफारस करतो. आवारात घुशींची बिळे असतील तर महापालिकेला कळवावे. मुंबईत हे काम प्रभाग कार्यालयातला कीटकनाशक विभाग करतो. उंदरांसाठी मांजर आणणे हा उपाय पक्ष्यांच्या घरात नको. मांजराच्या लाळेतले जंतू नखाच्या ओरखड्यातूनही पक्ष्याला एक-दोन दिवसांत मारतात.

लेंड्या कोरड्या झाडू नयेत, धुळीबरोबर जंतू उडतात. पक्षी दुसऱ्या खोलीत न्यावेत, हातमोजे घालावेत, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असे ताजे मिश्रण शिंपडून पाच मिनिटे थांबावे, मग कागदाने टिपून घ्यावे. ब्लीचमध्ये संडास धुण्याचे आम्ल किंवा व्हिनेगर कधीही मिसळू नये; क्लोरीन वायू सुटतो. फरशी पूर्ण वाळून वास गेल्यावरच पक्षी परत आणावेत. पाणी तुंबलेल्या भागात, उंदराच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसमुळे ही काळजी माणसांसाठीही हवी.

उंदीर गेले की नाही हे पाहायला रांगोळी उपयोगी पडते. पिंजऱ्यापासून दूर, भिंतीलगत रात्री पातळ थर पसरावा. पिठाचा नको, ते उंदीर खातात. सकाळी बारीक पावलांची नक्षी आणि मधून शेपटीची रेघ दिसली तर चाप चालू ठेवावेत. सलग सात रात्री रांगोळी कोरी राहिली तरच काम झाले असे समजावे.

विष पक्ष्याच्या पोटात गेल्याची शंका आली, तर लक्षणांची वाट पाहू नये. ब्रोमाडिओलोनची लक्षणे काही दिवसांनी दिसतात : मरगळ, फिकट पडलेली चोच व पाय, विष्ठेत किंवा नाकपुडीत रक्त. लवकर पोहोचलात तर वैद्य व्हिटॅमिन के-१ देऊ शकतात. झिंक फॉस्फाइडमध्ये धाप आणि झटके काही तासांतच येतात. दूध, मिठाचे पाणी, तूप यांपैकी काहीही पाजू नये. पक्ष्याच्या श्वासनलिकेत जाते. विषाच्या पुडक्याचा फोटो सोबत न्यावा. कोणते विष हे कळले की अर्धा वेळ वाचतो.

आणि म्हणूनच आमची मागणी सोसायट्यांच्या त्या सूचनेबद्दल आहे. ‘औषध टाकण्यात येणार आहे’ या ओळीखाली चार गोष्टी लिहाव्यात : विषाचे नाव आणि टक्केवारी, ते कोणत्या जागी ठेवणार, किती तारखेला उचलणार, आणि सूचना किमान तीन दिवस आधी. वड्या जिन्यात, पार्किंगमध्ये उघड्या टाकण्याऐवजी कुलूपबंद खोक्यात ठेवाव्यात आणि त्या किती होत्या, किती परत आल्या याची नोंद राहावी. ठेकेदाराकडे ही माहिती असतेच. वेष्टनावर छापलेली असते. ती फलकावर उतरवायला सचिवांना पाच मिनिटे लागतील.

आपले,
पाळीव पक्ष्यांचे संगोपन व उपचार करणारे काही वाचक